साका आधी सांगावा

देवगडजवळच्या आमच्या बागेतला हापूस पूर्वी सगळाच वाशीच्या बाजारात जात असे. पेट्या ट्रकमध्ये चढल्या की आमचा त्या फळाशी संबंध संपे. काही दिवसांनी दलालाची पट्टी येई, तिच्यातून भाडे, हमाली आणि अडत वजा झालेली असे आणि उरलेला आकडा बाबा वहीत लिहून ठेवत. आमचा आंबा कोणाच्या घरी गेला, तो गोड निघाला की नाही, हे आम्हाला कधीच कळले नाही. नोकरी सोडून गावी परतल्यावर मी थेट ग्राहकाला पेटी पाठवायचे ठरवले, तेव्हा मार्केटिंग म्हणजे चांगले फोटो आणि रोजचे संदेश अशीच माझी समजूत होती.

पहिल्याच हंगामात पुण्याच्या एका बाईंनी कापलेल्या आंब्याचा फोटो पाठवला. साल निर्दोष, देठाजवळ केशरी झाक. आत कोयीलगत मात्र पांढुरका, स्पंजासारखा भुसभुशीत गर. हा साका. ही कीडही नव्हे आणि बुरशीही नव्हे. फळ वाढतानाच त्याच्या आत होणारा हा बिघाड आहे आणि हापूसमध्ये तो विशेष आढळतो. बाहेरून पाहून तो कोणालाही ओळखता येत नाही. मी घाबरून लिहिले, ‘आमच्या बागेत असे होत नाही.’ ते खरे नव्हते आणि बाईंनाही ते कळले असावे, कारण त्यांनी पुन्हा पेटी मागवली नाही. बाबांना सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, ‘साका कोणाच्या बागेत नाही? तू आधी सांगितलं असतंस तर त्यांनी तो बाजूला ठेवून दुसरा कापला असता.’

पुढच्या वर्षापासून प्रत्येक पेटीत मी एक चिठ्ठी ठेवू लागलो: साका म्हणजे काय, तो का ओळखता येत नाही, आणि असे फळ निघाल्यास फोटो पाठवावा, त्या फळाचे पैसे परत मिळतील. विक्री घसरेल अशी मला भीती होती; प्रत्यक्षात चिठ्ठी वाचलेल्यांनीच शेजाऱ्यांसाठी पेट्या मागवल्या. पैसे परत द्यायचे म्हटल्यावर बागेतही शिस्त आली. फळ चौदा आणे, म्हणजे सोळा आणे पूर्ण धरले तर त्याच्या थोडे अलीकडे, तयार झाले की काढायचे, फार पिकू द्यायचे नाही, कारण जास्त तयार फळात साका वाढतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या नूतन झेल्याने, म्हणजे फळ उतरवायच्या जाळीच्या काठीने, देठासकट काढायचे. आणि काढलेले फळ तापलेल्या कातळावर क्षणभरही न ठेवता लगेच सावलीत न्यायचे. दिलेला शब्द आपल्यालाच कामाला लावतो, हे मला तेव्हा उमगले.

२०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे त्यात आहेत. त्याचा आधार मोठा आहे, पण मानांकन आपल्या वतीने ग्राहकाशी बोलत नाही. सुरुवातीला मी दुसऱ्या प्रांतातला आंबा ‘देवगड’ म्हणून खपवणाऱ्यांवर संतापून लिहीत असे. त्याला दाद भरपूर मिळे, मागणी मात्र येत नसे. आढीत पेंढ्यावर फळ कसे पिकते, रंग आणि वास कोणत्या दिवशी बदलतो, हे लिहू लागलो तेव्हा लोक प्रश्न विचारू लागले आणि प्रश्न विचारणारेच पुढे ग्राहक झाले.

कोकणात व्यवसाय करू पाहणाऱ्या तरुणांना मला एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. आपला हंगाम वर्षातून एकदाच येतो. तीस वर्षे काम केले तरी शिकण्याच्या संधी तीसच, आणि त्यातला एखादा हंगाम अवकाळी पाऊस नेतो. म्हणून एका हंगामात एकच बदल करावा आणि त्याचे काय झाले ते त्याच दिवशी लिहून ठेवावे. पावसाळ्यात बसून आठवू म्हटले तर आठवत नाही. बाबांच्या वहीत मोहोर कधी आला, तुडतुडे कधी दिसले, पहिली पेटी कधी गेली, हे सगळे तारखांसह आहे. मी वर्षानुवर्षे तिला केवळ हिशोबाची वही समजत होतो.

यंदाच्या चिठ्ठीत मी एक ओळ वाढवली आहे: पेटी आल्यावर फळे फ्रिजमध्ये ठेवू नयेत, पेंढ्यातच राहू द्यावीत आणि सालीवर किंचित सुरकुती आली की कापावीत. ही ओळ ठाण्याच्या एका आजींनी फोनवर सांगितली. मी ती त्यांच्याच शब्दांत छापली.