भरतीची रेषा आणि धोक्याची रेषा: खाडीकाठच्या घराच्या परवानगीचा माझा अनुभव

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळाने आमच्या खाडीकाठच्या घराची कौले, वासे आणि मागील पडवीची भिंत पाडली. त्याच जागी नवे घर बांधण्याची परवानगी माझ्या हातात पडली ती मार्च २०२४ मध्ये. कोरोनाचा काळ आणि पैशांची जुळवाजुळव यांत गेलेली वर्षे मी हिशेबात धरत नाही. पण जानेवारी २०२३ मध्ये अर्ज दाखल केल्यानंतर चौदा महिने लागले आणि त्यांतील अकरा महिने आमचे प्रकरण एकाच कार्यालयात, एका नकाशाच्या चुकीच्या वाचनामुळे अडकून राहिले. त्या अकरा महिन्यांचा राग अजून गेलेला नाही. तरीही हे लिहिण्याचे कारण राग एवढेच नाही. आमच्या वाडीत अशीच आणखी काही घरे ताडपत्रीखाली उभी आहेत आणि त्यांच्या मालकांना जे उत्तर दिले जाते, ते मला अकरा महिने दिले जात होते.

प्रथम कायद्याविषयी आवश्यक तेवढे सांगते. ज्याला आपण सगळे सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) म्हणतो, तो पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली केंद्र सरकारने काढलेल्या अधिसूचनेचा भाग आहे. पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ची, दुसरी ६ जानेवारी २०११ची आणि सध्याची १८ जानेवारी २०१९ची. राज्याचा किनारा व्यवस्थापन आराखडा २०१९च्या अधिसूचनेप्रमाणे सुधारून त्याला केंद्राची मंजुरी मिळेपर्यंत जुनीच अधिसूचना लागू राहते, म्हणून कागदोपत्री २०१९ साली बदललेला नियम गावापर्यंत पोहोचण्यास त्यानंतर बराच काळ गेला. आमच्यासारख्या खाडीकाठच्या लोकांसाठी यातील महत्त्वाचा बदल अंतराचा आहे. २०११च्या नियमात खाडीच्या भरतीरेषेपासून १०० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतके, यांपैकी जे कमी असेल तेवढे अंतर नियंत्रणाखाली होते. २०१९च्या नियमात ते १०० मीटरऐवजी ५० मीटर झाले. आमची खाडी गावापाशी ५० मीटरपेक्षा बरीच रुंद आहे आणि आमच्या घराची खाडीकडील भिंत भरतीरेषेपासून ६८ मीटरवर आहे. म्हणजे जुन्या नियमात घर आत होते, नव्या नियमात ते बाहेर आले. एवढी साधी गोष्ट मान्य करून घेण्यासाठी मला अकरा महिने लागले.

या कायद्याला माझा विरोध नाही, हे स्पष्ट लिहिते. वादळाच्या दिवशी खारफुटीमागच्या घरांच्या अंगणात पाणी आले, पण लाटेचा जोर आला नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. एक हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या खारफुटीभोवती ५० मीटरचा पट्टा राखण्याची तरतूद मला योग्यच वाटते. माझे म्हणणे एवढेच आहे, की नियम जो आहे, तो नीट वाचून लावला जावा.

सुरुवातीचे टप्पे सुरळीत पार पडले. सातबारा, आठ-अ, ग्रामपंचायतीचा ना हरकत ठराव आणि अभियंत्याने काढलेला आराखडा हे सर्व दीड महिन्यात जमले. सासऱ्यांनी १९७२ साली बांधलेल्या घराच्या घरपट्टीच्या पावत्या पत्र्याच्या पेटीत होत्या, त्यांचा पुढे फार उपयोग झाला. त्यानंतर जागेच्या सीआरझेड स्थितीबाबत अभिप्राय मिळवण्यासाठी प्रकरण तालुक्याच्या ठिकाणच्या एका कार्यालयात गेले आणि तेथे थांबले.

तीन आठवड्यांनी मी चौकशीस गेले तेव्हा संबंधित टेबलावरून सांगण्यात आले, की आमचा गट, म्हणजे सातबाऱ्यावरचा जमिनीचा तुकडा, सीआरझेडने बाधित आहे, म्हणून परवानगी मिळणार नाही. मी विचारले, गट बाधित आहे की घर? आमचा गट रस्त्यापासून खाडीपर्यंत लांबट पसरलेला आहे. त्याचा खालचा, माडांचा भाग ५० मीटरच्या आत येतो, हे मला मान्यच होते. वरच्या भागातील घर त्यात येत नाही. त्यावर उत्तर मिळाले, की बाधित गटांच्या यादीत तुमचा गट क्रमांक आहे, म्हणजे संपूर्ण गट बाधित. हे उत्तर मी पुढील पाच महिन्यांत किमान सात वेळा ऐकले. प्रत्येक वेळी ठाण्याहून पहाटेची एसटी, दुपारपर्यंत बाकावर बसणे, मग साहेब दौऱ्यावर असल्याचा निरोप आणि रात्रीच्या गाडीने परत, असा दिवस जात असे. बँकेत तीस वर्षे नोकरी केल्यामुळे कागद वाचण्याची आणि रांगेत थांबण्याची मला सवय आहे, परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर नकाशावर पट्टी ठेवून पाच मिनिटांत मिळू शकते, त्यासाठी वारंवार हेलपाटे घालणे मला असह्य झाले होते.

मग मी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज केला. भूकरमापकाने गटाच्या हद्दी आणि त्यातील घराची जागा मोजून दिली आणि मोजणी नकाशाची ‘क’ प्रत हाती आली. महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मंजूर आराखड्याचे नकाशे उपलब्ध आहेत, त्यांतील आमच्या गावाचा नकाशा मी छापून घेतला. आमच्या अभियंत्याने दोन्ही नकाशे एका प्रमाणात आणून एकावर एक ठेवले, तेव्हा ६८ मीटर हे अंतर निश्चित झाले. हे सर्व जोडून मी पुन्हा अर्ज दिला आणि आता प्रश्न सुटला, असे मला मनापासून वाटले.

प्रश्न सुटला नाही. नवा शेरा असा आला, की घर रेषेच्या समुद्राकडील बाजूस आहे. कोणत्या रेषेच्या? हे तोंडी कोणी सांगेना आणि लेखी देण्यास कोणी तयार होईना. त्याच सुमारास शेजारचे एक काका मला समजावू लागले, की वहिनी, सरळ बांधून टाका, एकदा छप्पर चढले की कोण पाडायला येतो. त्यांचा हेतू चांगला होता, पण तो सल्ला मी मानला नाही आणि इतरांनीही मानू नये. त्या वेळी या कायद्याच्या उल्लंघनाला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद होती. २०२३च्या जनविश्वास अधिनियमाने त्यात बदल केला आणि १ एप्रिल २०२४ पासून कैदेऐवजी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंतची शास्ती आली. कैद गेली म्हणून धोका कमी झाला, असे समजणाऱ्यांनी पंधरा लाखांचा आकडा पुन्हा वाचावा.

मी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला आणि त्यात पहिली चूक केली. आमचे घर बाधित का ठरवले, असे मी विचारले होते. तिसाव्या दिवशी उत्तर आले, की कारणमीमांसा ही माहितीच्या व्याख्येत येत नाही. दुसऱ्या अर्जात मी ‘का’ हा शब्द टाळला आणि फक्त प्रती मागितल्या: आमच्या प्रकरणातील टिपणीच्या सर्व पानांची प्रत आणि ज्या नकाशाच्या आधारे शेरा लिहिला त्या नकाशाची, रेषा खूण केलेली प्रत. ही पाने हाती आली तेव्हा सहा महिन्यांचे कोडे एका ओळीत उलगडले. टिपणीत लिहिले होते, की सदर बांधकाम धोका रेषेच्या समुद्राकडील बाजूस असल्याने बाधित आहे.

धोका रेषा म्हणजे भरतीरेषा नव्हे. उधाणाच्या भरतीचे पाणी जमिनीवर जास्तीत जास्त जेथपर्यंत पोहोचते ती भरतीरेषा, आणि सीआरझेडची अंतरे तिच्यापासून मोजतात. धोका रेषा ही भारतीय सर्वेक्षण विभागाने आखलेली वेगळी रेषा आहे. पूर, समुद्राच्या पातळीतील वाढ आणि किनाऱ्याची धूप यांचा विचार करून ती ठरवलेली आहे. २०११च्या अधिसूचनेत नियंत्रणाच्या मर्यादांमध्ये धोका रेषेचा उल्लेख होता, त्यामुळे जुन्या सवयीने ती वाचली गेली असावी, असे मला वाटते. २०१९च्या अधिसूचनेत मात्र ही रेषा आपत्ती व्यवस्थापनाच्या नियोजनासाठी वापरावी, असे म्हटले आहे; बांधकामाच्या परवानगीसाठीची अंतरे तिच्यापासून मोजायची नाहीत. दोन्ही रेषा एकाच नकाशावर असतात, शेजारी ५० आणि १०० मीटरच्या रेषाही असतात आणि नकाशाच्या कोपऱ्यातील सूची न वाचता बोट ठेवले, तर चूक होणे सहज शक्य आहे. चूक झाली याचा मला एवढा त्रास नाही. ती दाखवून देण्याचा मार्गच खुला ठेवला नव्हता, याचा आहे.

मी अधिसूचनेतील तो परिच्छेद, सूचीसह नकाशा आणि ‘क’ प्रत जोडून एक पानाचा अर्ज केला आणि तो आवक-जावक विभागात देऊन पोच घेतली. सोबत अशीही विनंती केली, की अर्ज नाकारायचा असल्यास रेषेचे नाव आणि मीटरमधील अंतर लिहून नाकारावा. दरम्यान त्या टेबलावर नवे अधिकारी आले होते. त्यांनी नकाशा पसरला, पट्टी ठेवली, सूची वाचली आणि म्हणाले, ‘ताई, हे घर क्षेत्राबाहेर आहे.’ मला आनंद झाला हे खरे आहे, पण बाहेर आल्यावर डोळ्यांत पाणी आले, तेही खरे आहे. त्यानंतरची नगररचनेची तपासणी आणि अंतिम आदेश यांस उरलेले महिने लागले आणि त्यांत सांगण्यासारखे काही घडले नाही.

आता आठवतील तशा काही गोष्टी लिहिते. आपले घर खाडीकाठी आहे की समुद्रासमोर, हे आधी ठरवावे, कारण समुद्रासमोर हिशेब वेगळा असतो. तेथे नियंत्रण ५०० मीटरपर्यंत असते आणि ग्रामीण भागात २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त असल्यास पहिले ५० मीटर, कमी असल्यास पहिले २०० मीटर ना विकास क्षेत्र, म्हणजे नव्या बांधकामास एरवी बंदी असलेला पट्टा, ठरते. घर ना विकास क्षेत्रात असले तरी धीर सोडू नये. अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी, मूळ जोत्याचे क्षेत्रफळ आणि चटई क्षेत्र न वाढवता, करता येते. त्यासाठीच १९ फेब्रुवारी १९९१ पूर्वीच्या घरपट्टीच्या पावत्या, आकारणी नोंदवहीचा उतारा, जुने वीजबिल हे सगळे जपून ठेवावे. आमच्या पावत्या पाहिल्यावर टेबलावरील बोलण्याचा सूर लगेच बदलला होता. सीआरझेडमध्ये, पण ना विकास क्षेत्राबाहेर, ३०० चौरस मीटरपर्यंत स्वतः राहण्यासाठी घर बांधायचे असेल, तर प्राधिकरणाच्या शिफारशीची गरज नसते. स्थानिक संस्थाच अधिसूचनेच्या दृष्टीने तपासून मंजुरी देऊ शकते, तेव्हा ‘मुंबईला पाठवावे लागेल’ हे उत्तर मुकाट्याने घेऊ नये. मोजणीचा अर्ज पावसाळ्याआधी करावा. आमच्याकडे जून ते सप्टेंबर माडांच्या बागेत साखळी धरणेही कठीण असते. आणि कोणताही कागद टेबलावर हातोहात देऊ नये, पोच घ्यावी. माझ्या पहिल्या तीन विनवण्यांचा कार्यालयात मागमूसही नव्हता.

एक गोष्ट मात्र मी परवानगीसाठी नव्हे, स्वतःसाठी केली. ती धोका रेषा आमच्या घराच्या मागून, रस्त्याच्या बाजूने जाते, म्हणजे घर तिच्या खाडीकडील बाजूसच आहे. परवानगीसाठी तिचा संबंध नाही, हे मी अकरा महिने भांडून सिद्ध केले, परंतु ज्यांनी ती आखली त्यांनी पाण्याचा विचार करूनच आखली आहे आणि २०२० साली अंगणात आलेले पाणी मी पाहिले आहे. म्हणून आराखड्यात बदल करून घेऊन नव्या घराचे जोते जुन्यापेक्षा अडीच फूट उंच घेतले आणि वीजमीटर व पाण्याचा पंप त्याहूनही वर बसवला. सासऱ्यांच्या घराचे जे चिरे शाबूत होते, ते सर्व त्या जोत्यात वापरले आहेत.