हिरवट काँक्रीट बघून घाबरू नका
ऐरोलीत खाडीजवळ आमच्या साइटवर कॉलमच्या साच्याच्या प्लेटा काढल्या तर काँक्रीट चक्क हिरवट-निळं, सोसायटीतले काका घाबरलेच, माल खराब आलाय म्हणाले. अहो काका, तो स्लॅगचा रंग, हवा लागली की काही दिवसांत जातो. स्लॅग म्हणजे लोखंडाच्या भट्टीतला वितळलेला मळ, तो पाण्याने झटकन थंड करतात, त्याचा वाळूसारखा दाणा होतो, तो दळून सिमेंटमध्ये घालतात, स्लॅग सिमेंटच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस 455) 25 ते 70 टक्के. खाऱ्या हवेत सळईला गंज उशिरा लागतो म्हणून मला तर इथे हेच हवं. फक्त ताकद हळू येते, निदान 10 दिवस पाणी मारायलाच पाहिजे, आणि आमच्याकडे चौथ्याच दिवशी कॉलमला ओलाव्यासाठी गुंडाळलेलं गोणपाट कडक वाळलेलं, जाम राग आला, मग मीच पाइप धरला.