कोणता मेपल?

छतावर आलेली मेपलची एक फांदी छाटायची होती, एवढंच काम. पण मॅसॅच्युसेट्समध्ये रस्त्याच्या हद्दीतलं झाड सार्वजनिक; ट्री वॉर्डनच्या, म्हणजे गावाच्या झाडांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, परवानगीशिवाय त्याची छाटणीसुद्धा करता येत नाही. अख्खं झाड काढायचं तर झाडावर नोटीस, वर्तमानपत्रात जाहिरात, मग सुनावणी. आमच्यावर ती वेळ आली नाही.

घोडं अडलं ते अर्जातल्या 'जात' या रकान्यात. 'मेपल' लिहिलं, तर अर्ज परत. कोणता मेपल? महिना जानेवारी, झाडावर पान औषधालाही नाही. खिडकीवरच्या बाईंना म्हटलं, "झाड तुमचं, तुमच्याच नोंदीत बघा ना." म्हणे, रकाना अर्जदारानेच भरायचा. झाड गावाचं, परीक्षा माझी! मोबाइलच्या अ‍ॅपला सालीचा फोटो दाखवला, तर सकाळी शुगर मेपल, दुपारी नॉर्वे मेपल, आणि एकदा चक्क ओक.

ओक तर नव्हताच, कारण कळ्या समोरासमोर होत्या; ओकच्या आलटून पालटून येतात. ती नडलेली फांदीच कामी आली. वरच्या खिडकीतून डहाळी ओढून पाहिली. नॉर्वेची कळी जाडजूड, बोथट, लालसर-हिरवी. शुगर मेपलची बारीक, तपकिरी, टोकदार. आमची टोकदार निघाली आणि मी उगाचच खूश झालो. नॉर्वे मेपल 1756 मध्ये फिलाडेल्फियात आला. पुढे रोगाने रस्त्याकडेची एल्मची झाडं मेली, तेव्हा बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात ते मीठ आणि धूर सोसतो म्हणून हा रस्तोरस्ती लावला. आता 2009 पासून या राज्यात त्याची विक्रीच बंद आहे. शुगर मेपल इथला मूळचा, पण बर्फावर टाकलेलं मीठ त्याला सोसत नाही. आमचा मात्र रस्त्याला खेटून उभा आहे!

खरं तर असला अर्ज उन्हाळ्यातच करावा. पानाचा देठ तोडायचा: वडासारखा पांढरा चीक आला तर नॉर्वे, स्वच्छ रस आला तर शुगर. संपलं.

रकान्यात शुगर मेपलचं शास्त्रीय नाव, 'एसर सॅकरम', ठसठशीत लिहून दिलं. वॉर्डन आले, कळीकडे एकदा पाहिलं आणि सही केली. हेच आधी करायला काय हरकत होती?

मार्चमध्ये फांदी उतरवली तेव्हा कापल्या जागेतून रस ठिबकत होता. झाडाला त्याचा अपाय नसतो, घाबरू नका. चाखला तर जवळजवळ पाणीच. साधारण 40 लिटर आटवल्यावर 1 लिटर सिरप होतं, चव लागणार कुठून? आणि हो, परवानगीची प्रत छाटणीवाल्याच्या हातात आधीच द्या. आमच्याने ती पाहिल्याशिवाय शिडीच लावली नाही.