फाइल बरोबर, कागद चूक

महाराष्ट्रात फेब्रुवारीच्या पगारात एक गंमत असते, ती पगारपत्रक करणाऱ्यांनाच माहीत असते. प्रोफेशन टॅक्स एरवी महिन्याला २०० रुपये कापतात, फेब्रुवारीत ३००. म्हणजे वर्षाचे अडीच हजार बरोबर भरतात. बायकांना २५ हजारांपर्यंतच्या पगाराला माफी आहे. ही जादाच्या शंभराची भानगड नसती तर परवाची केस कधी उघडकीलाच आली नसती.

मी छोट्या ऑफिसांच्या कॉम्प्युटरची कामं बघतो. बहुतेक वेळ प्रिंटर आणि वायफायच खातात. साकीनाक्याला एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात हाउसकीपिंगची माणसं पुरवणारं ऑफिस आहे. तिथल्या अकाउंट्सच्या काकांचा सकाळीच फोन आला, "एक्सेल बिघडलंय, लगेच ये." पगार सात तारखेच्या आत व्हावा लागतो, त्यामुळे मार्चच्या पहिल्या आठवड्यात असा फोन आला की हातातलं टाकून मी मेट्रो पकडतो.

पोचलो तर काका आणि नवीन लागलेली मुलगी यांची जुंपलेलीच होती. बँकेत अपलोड करायच्या फाइलची बेरीज सॅलरी शीटपेक्षा साडेबारा हजारांनी जास्त येत होती.

"शीट उघडून बघ तूच," काका मला म्हणाले. "सगळ्यांचे ३०० कापलेत. हिनेच कॉपी करताना घोळ घातला."

शीटमध्ये खरंच ३०० होते. मुलीने प्रिंट पुढे सरकवला. "दादा, हा मी त्याच शीटमधून काढला, आणि यात २०० आहेत. १२,५०० ला शंभरने भागलं तर १२५ येतात. आपल्याकडे पुरुष १२५च आहेत."

हे तिने मी यायच्या आधी कॅल्क्युलेटरवर करून ठेवलं होतं. निम्मं काम तिथेच झालं. 'एक्सेल बिघडलंय' एवढं सांगून हात वर करणारे लोक मला रोज भेटतात. फरकाला भागून बघणारं माणूस क्वचितच.

मी तिला म्हटलं, काल जे जसं केलंस ते माझ्यासमोर परत कर, एकही पायरी गाळू नकोस. तिने आधी हजेरीची फाइल उघडली, मग सॅलरी शीट, आणि तिच्यातला महिना परत जानेवारीवर नेला. हजेरीचे दिवस पेस्ट केले, सेव्ह केलं. मग प्रिंटच्या आधी वरच्या सेलमधला महिना जानेवारीचा फेब्रुवारी केला, कारण हेडिंग बदलायचं तेव्हाच आठवतं. टॅक्सचा कॉलम २००वर ढिम्म. तिने प्रिंट दिला, निव्वळ पगाराचा कॉलम बँकेच्या फाइलमध्ये व्हॅल्यू म्हणून, म्हणजे फॉर्म्युल्याशिवाय नुसते आकडे, पेस्ट केला आणि शेवटी शीट सेव्ह केली. सेव्ह करताक्षणी अख्खा कॉलम ३०० झाला. काका खुर्चीतून उठून स्क्रीनपाशी आले.

फॉर्म्युला चालत नाही म्हटलं की मी आधी दोन-तीन गोष्टी बघतो: सेल टेक्स्ट फॉरमॅटमध्ये आहे का, आकड्याच्या आधी कोणी अपॉस्ट्रॉफी मारलाय का, सर्क्युलर रेफरन्स आहे का. इथे यातलं काही नव्हतं. महिना मागे नेऊन सेव्ह केलं, पुन्हा फेब्रुवारी केला, एका सेलवर एफ२ दाबून एंटर मारलं. तेवढा एक सेल ३०० झाला, शेजारचे २००च राहिले. म्हणजे फॉर्म्युला धडधाकट होता, त्याला कोणी हाक मारत नव्हतं. खाली डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'कॅल्क्युलेट' लिहून येत होतं, ते वर्षभर कोणी वाचलं नव्हतं. एक्सेल मॅन्युअलवर होतं, म्हणजे सांगितल्याशिवाय पुन्हा मोजत नव्हतं.

खरा खट्याळपणा पुढचा. मॅन्युअलच्या खाली 'सेव्ह करण्याआधी रीकॅल्क्युलेट करा' अशी एक टिक असते, ती होती. त्यामुळे सेव्ह झालेली फाइल कायम बरोबर, आणि सेव्हच्या आधी तिच्यातून जे बाहेर गेलं ते शिळं. तपासायला म्हणून फाइल उघडावी तर ती स्वतःच्या बाजूनेच साक्ष देणार. फेब्रुवारी-मार्च सोडून बाकीच्या दहा महिन्यांत हे दिसत नाही, कारण इथे दिवसाचा पगार कायम २६ने भागून काढतात. नुसतं महिन्याचं नाव बदलल्याने इतर एकही आकडा हलत नाही.

मॅन्युअल केलं कोणी? काका म्हणाले, "मी हात लावला नाही," आणि ते खरंच होतं. हे सेटिंग फाइलबरोबर सेव्ह होतं, पण लागू होतं उघड्या असलेल्या सगळ्या एक्सेलला. एक्सेल सुरू केल्यावर जी फाइल पहिली उघडाल तिचा मोड नंतरच्या सगळ्या फाइलींना लागतो, आणि त्या सेव्ह केल्या की त्यांच्यातही जाऊन बसतो. मुलीने काल सॅलरी शीट आधी उघडली असती तरी उपयोग नव्हता, तिच्यातही मॅन्युअल कधीच जाऊन बसलं होतं. मायक्रोसॉफ्टमध्ये ही रचना ज्यांना सुचली त्यांना एकदा महिनाअखेरीला एखाद्या अकाउंट्स डिपार्टमेंटमध्ये बसवायला हवं.

मूळ निघालं हजेरीच्या फाइलमध्ये. या मुलीच्या आधी इथे असलेला पोरगा हुशार होता. रोजची एक अशा एकतीस शीट्स, आणि इनडायरेक्ट नावाचा फॉर्म्युला वापरून प्रत्येकाची त्या-त्या दिवसाची हजेरी उचललेली. एकशे ऐंशी माणसं गुणिले एकतीस दिवस, साडेपाच हजारांवर फॉर्म्युले. इनडायरेक्ट व्होलटाइल आहे, कुठलाही सेल बदला, ती सगळी फौज पुन्हा मोजायला लागते. इथल्या जुन्या मशीनवर प्रत्येक एंटरला थांबावं लागत असणार. त्याने मॅन्युअल केलं ते वेडेपणाने नव्हे, पण कुठे एक ओळ लिहून ठेवली नाही. मी सगळ्या दिवसांचा डेटा एका शीटमध्ये आणला, काउंटइफ्स हा मोजणीचा साधा फॉर्म्युला लावला, दोन्ही फाइली ऑटोमॅटिक करून सेव्ह केल्या. दुपारी बँकेची फाइल रुपयाला रुपया जुळली.

मग मुलीने विचारलं, "आणि मागच्या फेब्रुवारीत?"

काका गप्प. टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, सस्पेन्स या न जुळणाऱ्या रकमांच्या खात्याला ११,८०० पडून होते, वर्षभर. मी जुना छापील पगार मागवला. प्रत्येक पुरुषापुढे २००. तेव्हा ११८ जण होते, आणि टॅक्सचं चलन मात्र सेव्ह झालेल्या फाइलवरून ३००ने भरलेलं. मार्चला शीट आधी सेव्ह झाली असणार, नाहीतर उलटा फरक पडून ते फिटले असते. तेव्हा बँकेची फाइल तो पोरगा करायचा. त्याने मधल्या मध्ये काही केलं असा सगळ्यांचा समज झाला, तोंडावर कोणी बोललं नाही, पण एप्रिलमध्ये त्याला जायला सांगितलं. बँक स्टेटमेंट कोणी उघडलं असतं तर ११८ खात्यांत शंभर-शंभर जादा गेलेले दिसले असते.

शेठ म्हणाले, "झालं ते झालं, सस्पेन्सचं सीएला विचारून घ्या." काकांनी छापील पगार पुन्हा बॉक्स फाइलमध्ये घातला.

निघताना मुलीने त्या पोराचा नंबर लिहून दिला. तुझ्यावर आळ आला तो खोटा होता, आणि तो आला तुझ्याच सेटिंगमुळे, हे एका दमात सांगायचं की फक्त पहिलं अर्धं, ते अजून ठरत नाहीये.