मासोळीचा सातबारा

"मासोळी का सातबारा घेऊन येते का जी भाऊ?" आज पवनीच्या बाजारात मावशी फटकन बोलल्या. मी फक्त विचारलं होतं, रोहू वैनगंगेचा की मामा (माजी मालगुजारी) तलावातला.

घरी पुतणी (झूलॉजीवाली, ऐकते थोडीच) म्हणते, येते की! डोकं फोडून चिमट्यानं तांदळाच्या कणीहून लहान पांढरा खडा काढला, कानातला. कॅल्शियम कार्बोनेटचा, लहानपणी तर रोज एक पापुद्रा चढते अन् परत विरघळत नाही, त्यात त्या त्या पाण्यातलं स्ट्रॉन्शियम, बेरियम अडकून राहते, मग मासा कुठं जन्मला, कधी पाणी बदललं, लेझरनं थर थर वाचता येते म्हणे.

आमच्याकडं कुठचा लेझर. रस्सा उकळला, खडा बशीत पडून आहे.

वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाचं पाणी अडल्यावर वाढलेल्या मासोळीच्या कानात काय लिहिलं असन?