जुईतला ज

भाचीच्या बॅले क्लासचा वार्षिक कार्यक्रम होता आणि निवेदन माझ्या गळ्यात पडलं. "आत्या रेडिओवर बोलायची," असं जुईने क्लासमध्ये सांगून ठेवलं होतं. बोलायचे खरी, पण शेतीच्या कार्यक्रमात. तुरीचे आणि कांद्याचे भाव वाचणाऱ्या बाईच्या हातात आता चार कागद आले. प्रत्येक नाचाआधी एकेका थोर नर्तकाची दोन वाक्यांत ओळख करून द्यायची. नावं सगळी इंग्रजी लिपीत.

संध्याकाळी घरी मोठ्याने वाचायला बसले. "ॲना पाव्लोवा."

जुई जमिनीवर बसून पायाची बोटं ताणत होती. वय बारा. मान वर न करता म्हणाली, "पाववर जोर दे, आत्या. पुढचं जरा गिळ."

रशियन भाषेत प्रत्येक शब्दाच्या एका अक्षरावर आघात असतो. तो ज्या 'ओ'वर पडत नाही, तो 'ओ' बिचारा 'अ' होऊन जातो. म्हणून पाव्-लवा. पावभाजीतला पाव ठसक्यात म्हणायचा आणि बाकीचं घसरू द्यायचं. उल्याना लोपात्किना लिहायचं आणि लपात्किना म्हणायचं, तेही याच न्यायाने. पाव्लवातला जोर इंग्रजांनी 'लो'वर नेला आणि तिच्या नावाच्या त्या फेसाळ, अंड्याच्या पांढऱ्याच्या गोड पदार्थालाही तसंच म्हणू लागले. तो पदार्थ कुणाचा यावरून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड अजून भांडतात. उच्चाराचं कुणाला काही नाही. पाव्लवा 1928 साली मुंबईत नाचली होती. भरतनाट्यमच्या नर्तिका रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी तिला तिथेच पाहिलं. आणि पुढे भरतनाट्यमला जी प्रतिष्ठा मिळाली, तिचा एक धागा त्या प्रयोगापर्यंत जातो.

'ओवा' हे शेपूट बायकांचं. बाप पाव्लव, मुलगी पाव्लवा. याची मात्र मला गंमत वाटली नाही. आमच्या गावाकडे पाटलाची पाटलीण आणि कुलकर्ण्याची कुलकर्णीण होतेच की.

पुढचं नाव डायाना विश्नेवा. मी आपली विष्णूच्या वळणाने गेले. तर तेही चूक; म्हणायचं विश्न्योवा. रशियन लिपीत त्या 'ए'च्या डोक्यावर दोन टिंबं असली की तो 'यो' होतो. पण छापताना ती टिंबं बहुतेक वेळा गाळतात, कारण वाचणाऱ्या रशियन माणसाला ठाऊकच असतं. 'विश्न्या' म्हणजे आंबट चेरी. त्यामुळे हे आडनाव कसं म्हणायचं हे तिथल्या पोराटोरांनाही कळतं. बाहेरच्यांची मात्र फजिती. गोर्बाचेव्हचंही तेच: आपण वर्षानुवर्षं पेपरात वाचला तो माणूस स्वतःच्या घरी गर्बाच्योव होता.

मी वैतागले. टिंबं द्यायला काय जातं यांचं?

जुई म्हणाली, "आपण तरी कुठे देतो?"

खरंच की. चमचा आणि चहा. एकच च लिहितो. कुठला कधी म्हणायचा हे आईच्या मांडीवर कळलेलं असतं, आणि ज्याला तिथे कळलं नाही त्याला पुस्तकातून कळायची सोय नाही.

मग मात्र माझी गाडी सुसाट सुटली. इंग्रजीत टी-एस लिहिलेलं दिसलं की चमच्यातला च! माया प्लिसेत्स्काया लिहिताना जीव जातो, पण चमच्यातल्या चने प्लिस्येच्कया म्हणून बघा, लोण्यासारखं जातं. निजिन्स्कीचं पहिलं नाव वास्लाव नव्हे, वाच्लाव, तोच च. ली कुन्शिन वाचून मी ज्या चिनी नर्तकाची ओळख करून देणार होते, त्याच्या नावातल्या 'सी'लाही आपला हाच च बराच जवळचा. आणि निकोलाय त्सिस्कारिद्झे! मॉस्कोच्या बोल्शॉय थिएटरात नाचलेला हा देखणा नर्तक जन्माने जॉर्जियातल्या तिबिलिसीचा. इंग्रजी निवेदकांची बोबडी वळवणारं त्याचं आडनाव मराठीत सरळ चिस्करीजे. पहिला च चमच्यातला, शेवटचा ज जुईतला. जॉर्जियन भाषेत 'जे' म्हणजे मुलगा.

निजिन्स्कीतल्या 'जि'ने तेवढा दगा दिला. तो आपल्या दोन्ही 'ज'मध्ये बसत नाही. 'श' म्हणत राहायचं आणि मध्येच घसा घुमवायचा, की तो निघतो. मी स्वयंपाकघरात अर्धा तास घुमत होते. कुकरची शिट्टी झालेली कळली नाही.

कागदावर बॅलन्शीनही होते. तेही मूळचे 'जे'वालेच: बालान्चिवाजे. पॅरिसच्या प्रेक्षकांना झेपायचं नाही म्हणून बॅलेची मंडळी चालवणाऱ्या द्यागिलेवने ते कापून आटोपशीर केलं. याच द्यागिलेवच्या मंडळीत हिल्डा मनिंग्ज ही इंग्रज मुलगी लिडिया सकलोवा झाली आणि लंडनची ॲलिशिया मार्क्स मार्कोवा झाली. म्हणजे रशियाकडच्याने सोपं व्हायचं आणि इंग्रजांनी अवघड. पेगी हुकमची मार्गो फॉन्टेन झाली, मार्गोतला 'टी' लिहायचा पण म्हणायचा नाही. बेंजामिन मिलपिये या फ्रेंच नर्तकाला मात्र काही बदलावं लागलं नाही. त्याच्या आडनावाचा अर्थच 'हजार पाय'. असं आडनाव घेऊन माणूस बँकेत गेला असता तर वाया गेलं असतं.

कार्यक्रमाच्या दिवशी मी एकही नाव चुकले नाही. विश्न्योवाला तर थोडी लाडात आले. टाळ्या अर्थात कुणीच वाजवल्या नाहीत. उच्चार बरोबर आला तर तो कुणाला ऐकूच जात नाही.

शेवटी प्रमाणपत्रं. पाहुणे दिल्लीहून आलेले, हसतमुख, घाईत. यादी त्यांनी स्वतःच वाचायला घेतली.

"ज्युई," ते म्हणाले. जहाजातल्या नव्हे, जीवनातल्या ज ने.

मी विंगेत माइक धरून उभी होते. जुईने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग पुढे गेली, एक पाय मागे सरकवून, हात पसरून खाली वाकली, बॅलेत वाकतात तसं अगदी सावकाश, आणि प्रमाणपत्र घेतलं.