तुम्ही विचारलंत म्हणून: घरचा लॅपटॉप ऑफिसच्या नेटवर्कवर का घेत नाहीत?

“इतकी वर्षं इथे नोकरी करतोय, पासवर्डही बरोबर टाकतोय, तरी माझा घरचा लॅपटॉप नेटवर्कवर का घेत नाही? भरवसा नाही का आमच्यावर?” नेटवर्क सांभाळणाऱ्या माझ्यासारख्याला हे कॅन्टीनमध्येही विचारतात आणि लग्नाच्या पंगतीतही.

भरवसा आहे. पण पासवर्डवरून तुम्ही कोण एवढंच कळतं, तुमच्या लॅपटॉपमध्ये काय शिरलंय ते कळत नाही. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म, म्हणजे एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम, पसरला. त्याला रोखणारा पॅच (दुरुस्तीचा अपडेट) मायक्रोसॉफ्टने जुलैमध्येच दिला होता आणि बऱ्याच कंपन्यांच्या फायरवॉलने, म्हणजे नेटवर्कच्या वेशीवरच्या पहारेकऱ्याने, बाहेरून येणारा वर्म अडवलाही. मग लोक घरी लागण झालेले लॅपटॉप घेऊन ऑफिसला आले, केबल लावली आणि तो आतून पसरला. कुणी काही उघडायचीही गरज नव्हती. त्या लोकांच्या मनात काहीही वाईट नव्हतं.

म्हणून आता स्विचचं (ऑफिसच्या केबल्स जिथे येऊन जुळतात त्या पेटीचं) पोर्ट, म्हणजे केबलचं तोंड, सुरुवातीला बंदच ठेवतात. ८०२.१एक्स हे त्याचं स्टँडर्ड, २००१ पासूनचं. केबल लावली की फक्त ओळख पटवण्यापुरतं बोलणं चालतं, आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, तोसुद्धा त्यानंतर. कुणाला आत घ्यायचं हे ठरवणाऱ्या रेडियस सर्व्हरला स्विच विचारतो. सर्व्हर यंत्रावरचं कंपनीचं सर्टिफिकेट (डिजिटल ओळखपत्र) तपासतो, डिस्क एन्क्रिप्टेड (किल्लीशिवाय वाचता न येणारी) आहे का, अपडेट झालेत का याचीही खातरजमा होते, आणि मग यंत्राला व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कचा वेगळा ठेवलेला कप्पा, मिळतो: कामाचा, पाहुण्यांचा, किंवा जिथून फक्त अपडेट उतरवता येतात असा वेगळा काढलेला.

खरी डोकेदुखी लॅपटॉपची नाहीच. प्रिंटर, सीसीटीव्ही कॅमेरा, दारावरचं हजेरीचं बायोमेट्रिक मशीन, यांतल्या कित्येकांना ८०२.१एक्स येतच नाही. त्यांना मॅक अ‍ॅड्रेसच्या, म्हणजे प्रत्येक यंत्राच्या नेटवर्क कार्डाला दिलेल्या क्रमांकाच्या, यादीवरून आत घ्यावं लागतं. हा अ‍ॅड्रेस बहुतेक वेळा प्रिंटरच्या मागच्या स्टिकरवर छापलेला असतो. तो वाचून स्वतःच्या लॅपटॉपला लावायला दोन मिनिटं पुरतात. म्हणून प्रिंटरच्या व्हीलॅनमधून फक्त प्रिंट सर्व्हरपर्यंतच वाट ठेवायची. प्रिंटर पगाराच्या सर्व्हरशी बोलायला लागला तर तो प्रिंटर नाही असंच धरायचं. अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानांच्या साखळीत २०१३ मध्ये चोर शिरले ते रेफ्रिजरेशनचं काम करणाऱ्या कंत्राटदाराच्या चोरलेल्या लॉगिनवरून, आणि तिथून थेट बिलिंगच्या यंत्रांपर्यंत पोचले. सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती गेली. आत आल्यावर कुठवर जाता येतं, हे दारावरच्या तपासणीइतकंच मोलाचं आहे, आणि नेमकं तेच ठरवायचं बऱ्याच ठिकाणी राहून जातं.

तुमची एक तक्रार मात्र मला शंभर टक्के मान्य आहे. नाकारायचं आणि कारण सांगायचं नाही, हे वाईट धोरण. माणूस मग कंटाळून टेबलाखाली स्वतःचा छोटा राउटर लावतो, आणि त्यामागे काय काय जोडलंय ते आम्हाला दिसेनासं होतं. स्क्रीनवर साध्या शब्दांत यायला हवं: अमुक अपडेट बाकी आहे, इथे दाबा, झालं की पुन्हा जोडा.

आणि घरचाच लॅपटॉप वापरायची खरोखर गरज असेल तर पाहुण्यांचं वाय-फाय घ्या, तिथून व्हर्च्युअल डेस्कटॉपवर (कंपनीच्या सर्व्हरवर चालणारा, तुमच्या स्क्रीनवर फक्त दिसणारा कॉम्प्युटर) काम करा. तेही जमत नसेल तर लेखी अपवाद मागा. तो मिळतो, फक्त त्यावर कारण, जबाबदार साहेबांचं नाव आणि संपायची तारीख लागते. तारीख नसलेला अर्ज मी परत पाठवतो, कुणाचाही असो.